बातमीदारी सोडून पीआरमध्ये जाऊ का?

प्रश्न : ताई, ११ वर्षं दैनिकात आरोग्य बीट सांभाळतोय. एका औषध कंपनीने जनसंपर्क विभागात बोलावलंय. पगार चांगला, रात्रपाळी नाही. 'तुमच्या ओळखी हेच तुमचं भांडवल,' असं ते म्हणतात. सहकारी मात्र टोमणे मारतात. काय करू?

उत्तर : जा. पण ओळखींच्या भरवशावर नको. ओळखी फार तर वर्षभर पुरतात. डेस्कवरची, म्हणजे बातम्या निवडणारी, माणसं बदलतात आणि जी उरतात ती तुमचा नंबर दिसला की फोन उचलेनाशी होतात.

माझी पहिली प्रेस नोट, म्हणजे कंपनीने वृत्तपत्रांना पाठवायचं निवेदन, मी बातमीच्या सवयीने लिहिली होती. नवं काय ते इंट्रोत, म्हणजे सुरुवातीच्या ओळींत, आकडे लगेच खाली. पाच जणांच्या मंजुरीतून ती परत आली तेव्हा पहिल्या ओळीत अध्यक्षांचं हुद्द्यासकट नाव, 'अग्रगण्य' तीनदा आणि आकडे पार तळाला. मी मुकाट्याने पाठवली. संध्याकाळी जुन्या सहकाऱ्याचा फोन : "तू डेस्कवर असतीस तर ही लावली असतीस?" मी हसून वेळ मारून नेली. नोट कुठेच लागली नाही.

ही बातमी नाही, हे साहेबाला तोंडावर सांगता येणं, तुमचं भांडवल ते. म्हणून मुलाखतीत पगाराआधी हे विचारा : नोट किती जणांच्या हातून जाते? आणि काही अघटित घडलं तर मला कधी कळणार, फोन वाजायला लागायच्या आधी की नंतर? उत्तर गुळमुळीत आलं तर उठा.

पीआरच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, आयव्ही ली, हाही मूळचा न्यूयॉर्कचा बातमीदार. १९०६ साली अटलांटिक सिटीजवळ रेल्वे अपघात झाला, तेव्हा रेल्वे कंपनीने माहिती दडपू नये, स्वतःहून द्यावी, हा त्याचा आग्रह. प्रेस नोटचा इतिहास बहुतेक तिथूनच सांगतात. त्याच लीला १९३४ मध्ये जर्मनीतल्या एका रसायन कंपनीला दिलेल्या सल्ल्याबद्दल अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे जबाब द्यावा लागला. तेव्हा टोमण्यांपेक्षा कंपनीची चौकशी जास्त करा. ती तुम्हाला येतेच.

ऑफर आलीय हे संपादकांना आजच सांगा. त्या कंपनीची एकही बातमी आता तुमच्या बायलाइनने, म्हणजे तुमच्या नावाने, जाऊ देऊ नका. आणि डॉक्टरांनी 'ऑफ द रेकॉर्ड' म्हणून जे सांगितलं, ती वही घरीच ठेवा.