डिप्लोमसी या बोर्ड गेममध्ये वसंताच्या खेळीत घेतलेलं हॉलंड शरदाच्या खेळीत सोडलं, तर ते माझं राहतं का?

नाही, हॉलंड तुमचं होत नाही. तुम्ही जर्मनीकडून खेळताना १९०१ च्या वसंतात कीलचं आरमार हॉलंडला आणलं आणि शरदात बेल्जियमला नेलंत, त्यामुळे फक्त बेल्जियम तुमचं झालं. हॉलंड-बेल्जियमसारख्या पुरवठा केंद्रांची मालकी वर्षातून एकदाच, शरदातली माघार संपल्यावर ठरते. त्या क्षणी तिथे तुमचा मोहरा उभा हवा. वसंतातला ताबा म्हणजे केवळ मुक्काम. आम्ही कोल्हापुरात दर रविवारी सात जण खेळतो, नव्या खेळाडूची पहिली चूक बहुधा हीच असते. दोन्ही केंद्रं हवी असतील तर आरमार हॉलंडमध्येच ठेवा. म्युनिकची फौज वसंतात रूरला आणून शरदात बेल्जियमवर पाठवा. फ्रान्स किंवा इंग्लंडही तिथेच आलं तर मात्र ती अडेल.

एकदा मिळालेलं केंद्र पुढच्या वर्षी रिकामं सोडलं तरी तुमचंच राहतं, दुसऱ्याचा मोहरा शरदाअखेर तिथे उभा दिसेपर्यंत. पन्हाळ्यासारखी कायम शिबंदी ठेवायची गरज नाही. ३४ पैकी १८ केंद्रं जिंकायची तर मोहरे असे मोकळे करावेच लागतात.