चोक काढला की बुलेट बंद

प्रश्न : काका, बाबांची १९८४ची बुलेट चार वर्षं उभी होती. आता चोक लावून चालते, काढला की पलासियाच्या सिग्नलवर बंद! – एक वाचक, इंदूर

उत्तर : अहो, पायलट जेट तुंबलाय, म्हणजे कार्ब्युरेटरमधली मंद वेगाला पेट्रोल देणारी बारीक भोकाची पितळी नळी. जुनं पेट्रोल सुकून गोंदासारखं चिकटतं, मग हवा जास्त, पेट्रोल कमी. चोक लावला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं, म्हणून तेवढ्यापुरती चालते. जेट काढून कार्ब क्लीनरमध्ये (कार्ब्युरेटर साफ करायचं द्रावण) भिजवा, हवा मारा, उजेडाकडे धरा. भोक गोल दिसलं पाहिजे. टाचणी घालू नका. पितळ मऊ असतं, तरुणपणी मीच एक जेट वाया घालवलाय, वर बाबांची बोलणी खाल्ली. एअर स्क्रू (हवेचं प्रमाण ठरवणारा) हलक्या हाताने पूर्ण बसवून दीड फेरा सोडा. इंजिन गरम झाल्यावर पाव-पाव फेरा फिरवत जिथे आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) सर्वात जलद, तिथे थांबा. मग थ्रॉटल स्टॉपने, म्हणजे आयडलिंगचा वेग ठरवणाऱ्या स्क्रूने, तो वेग उतरवा.