काट्यावर १.२५०, ०.३५० असे आकडे आले की भाजीचे पैसे मनातल्या मनात कसे काढायचे?

आधी माझी फजिती सांगते. गोकुळपेठच्या बाजारात आलू घेतले, ३० रुपये किलो. काट्यावर १.०५० आलं. मी वाचलं 'दीड' आणि ४५ रुपये पुढे केले. भाजीवाला हसला. "काकू, दीड कुठून झालं? एक किलो पन्नास ग्राम आहे. साडेएकतीस होतात, एकतीस द्या."

तुम्ही पुण्याहून नागपुरात नवीन आलात आणि हिशेब होईपर्यंत मागचं गिऱ्हाईक पुढे घुसतं म्हणता, तर पहिली गोष्ट ही की टिंबानंतरचे तीन आकडे म्हणजे सरळ ग्राम. ०.२५० पाव, ०.७५० पाऊण, १.२५० सव्वा, १.५०० दीड. शून्य कुठे बसलंय तेवढं बघायचं.

पैसे काढताना मी गुणाकार करतच नाही, तुकडे पाडते. तुरीची दाळ १६० रुपये किलो आणि हवी पाऊण किलो, तर १६० चा पाव ४०, तो वजा केला की १२०. वजन अडनिडं असलं तर किलोच्या भावातलं एक शून्य उडवा, १०० ग्रामचा भाव मिळतो. ८० रुपये किलोची भेंडी ३५० ग्राम भरली? शंभरचे ८, तीनशेचे २४, पन्नासचे ४, झाले २८. आमच्या आजोबांना पावकी, निमकी (पावाचे नि अर्ध्याचे पाढे), अगदी साडेतीनची औटकीसुद्धा पाठ होती. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १६ आणे जाऊन १०० पैसे झाले, पण पाव रुपयाला ते शेवटपर्यंत चार आणेच म्हणायचे.

फसायला होतं ते दुसरीकडेच. "टमाटर कसे?" विचारलं की उत्तर येतं, "पंधरा पाव, पन्नास किलो." चार पावांचे साठ होतात, किलोचे पन्नासच! म्हणजे अर्ध्या किलोचे तीस की पंचवीस? मी आधीच "अर्ध्याचे पंचवीस ना?" म्हणून टाकते. बहुतेकदा गाडी अठ्ठावीसवर थांबते.

संत्री डझनाने घेतलीत तर दशांशाच्या नादी लागू नका. १०० रुपये डझन म्हणजे एकाचे ८.३३, याचं काय करणार? पाव डझन तीन नग, २५ रुपये, संपलं.

परत किती घ्यायचे यासाठी वजाबाकी नको, वर चढत जा. बिल १७३, नोट ५०० ची: ७ घालून १८०, २० घालून २००, मग ३००. परत ३२७. खिशात ३ रुपये चिल्लर असली तर तीही द्या, सरळ ३३० हातात येतात.

आणि फुकटचा सांबार (तुमच्याकडची कोथिंबीर) पैसे देऊन झाल्यावरच मागा. आधी मागितला की तो भावात धरला जातो.