मोठ्या बजेटचा सिनेमा थेट ओटीटीवर आणणं परवडतं का?

निर्मात्याला परवडू शकतं, पण कमाईला वरची मर्यादा पडते. ओटीटीचा सौदा बहुधा ठरीव रकमेचा असतो: निर्मितीखर्च अधिक थोडा नफा. समजा, १०० कोटींच्या सिनेमाला १२० कोटी मिळाले, तर सिनेमा कितीही गाजला तरी तेवढेच.

थिएटरचं गणित बघा. २०० रुपयांच्या तिकिटातून १८ टक्के जीएसटी वजा जाता साधारण १६९ उरतात. हिंदी सिनेमांसाठी मल्टिप्लेक्सशी २००९ साली ठरलेल्या सूत्रानुसार पहिल्या आठवड्यात वितरक-निर्मात्याचा वाटा ५० टक्के, पुढे ४२.५, ३७.५ आणि ३०. म्हणजे पहिल्या आठवड्यातही हातात ८५ रुपये, आणि त्यातून प्रसिद्धीचा खर्च निघायचा. म्हणून पडेल सिनेमाला ओटीटी तारतं आणि हिट सिनेमाला मारतं.

प्लॅटफॉर्मची अडचण वेगळी: जुना वर्गणीदार सिनेमा बघतो, पण जादा पैसे देत नाही. हॉलिवूडच्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओने २०२१ चे सिनेमे अमेरिकेत थिएटर आणि एचबीओ मॅक्स या ओटीटीवर एकाच दिवशी आणले. २०२२ मध्ये पुन्हा आधी थिएटर.

सौदा करताना पैशांचे हप्ते नीट बघा. शेवटचा हप्ता अनेकदा डिलिव्हरीला, म्हणजे तयार सिनेमा प्लॅटफॉर्मच्या हवाली करण्याला, बांधलेला असतो. आवाजाचा ट्रॅक किंवा सबटायटल तपासणीत नापास झालं, की पैसे अडकतात आणि फायनान्सरचं व्याज मात्र चालूच राहतं. नायकाचं मानधन बॉक्स ऑफिसच्या टक्केवारीवर असेल, तर तो करार आधी बदलून घ्या.