पृथ्वीला ‘तू’ म्हणताना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ध्यानाला बसल्यावर ही पृथ्वी जिवंत आहे, तिला जाणीव आहे असे तुला आतून जाणवते. मित्रांजवळ तसे बोलून दाखवले की ते हसतात. म्हणून विज्ञानाने ही गोष्ट सिद्ध केल्याचे पुरावे मी पाठवावेत, असे तू लिहिले आहेस. तुझ्या जाणवण्याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती पुराव्यांच्या मागणीबद्दल. पृथ्वीचे कामकाज सजीवासारखे चालते, हे म्हणणे वेगळे आणि पृथ्वीला स्वतःचे भान आहे, हे म्हणणे वेगळे. तुझ्या पत्रात मात्र पहिल्याच्या खांद्यावर दुसरे बसलेले दिसते.

पहिले म्हणणे जेम्स लव्हलॉक आणि लिन मार्ग्युलिस या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात ‘गाया’ या ग्रीक भूदेवतेच्या नावाने मांडले. त्याआधी लव्हलॉक मंगळावर जीवसृष्टी आहे का, हे शोधण्याच्या नासाच्या कामात होते. मंगळाचे वातावरण जवळजवळ सगळे कार्बन डायऑक्साइडचे, रासायनिकदृष्ट्या निवलेले. आणि पृथ्वीच्या हवेत मात्र २१ टक्के ऑक्सिजनच्या सोबतीने मिथेनही नांदतो. हे दोन वायू एकमेकांना संपवत असतात, म्हणजे त्यांची भर सतत कोणीतरी घालत असले पाहिजे. ते ‘कोणीतरी’ म्हणजे सारी जीवसृष्टी. ती केवळ पृथ्वीवर राहत नाही, तर पृथ्वीला राहण्याजोगी ठेवण्यात तिचाही हात आहे, असा तो विचार होता.

यात हेतू आणि नियोजन आले कुठून, असा आक्षेप निघाला. त्याला उत्तर म्हणून १९८३ मध्ये लव्हलॉक आणि अँड्र्यू वॉटसन यांनी एक काल्पनिक ग्रह गणितात उभा केला. त्यावर डेझीच्या फुलांच्या दोनच जाती, काळी आणि पांढरी. आणि हळूहळू प्रखर होत जाणारा सूर्य. गारठ्यात काळी फुले ऊन शोषून तग धरतात, फोफावतात आणि ग्रहालाही ऊब आणतात. पुढे ऊन वाढले की काळ्यांना ते सोसवत नाही, पांढरी पसरतात आणि ऊन परतवून लावतात. अशा रीतीने ग्रहाचे तापमान दीर्घकाळ फुलांना मानवेल इतपतच राहते, आणि ते तसे राखावे हा विचार एकाही फुलाला शिवलेला नसतो. आता तूच पाहा, ज्या सिद्धांताचा आधार तू जाणिवेसाठी मागतोस, त्याने तर जाणिवेवाचूनही तोल राखता येतो हेच दाखवले. शिवाय हा तोल नेहमीच प्रेमळ नसतो. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी सूक्ष्मजीवांनी सोडलेला ऑक्सिजन हवेत साचू लागला, तेव्हा त्या काळच्या असंख्य जिवांना तो विषच ठरला.

म्हणून श्रद्धेला विज्ञानाची कुबडी देऊ नकोस. ती कुबडी श्रद्धेच्या मापाची नाही, आणि कधी काढून घेतली जाईल याचा नेम नाही. जाणिवेचा विचार तिच्याशिवायही हजारो वर्षे चालत आलेला आहे. प्लेटोने सारे विश्वच आत्मा आणि बुद्धी असलेला एक जीव मानले. ग्रहगतीचे नियम शोधणाऱ्या केपलरने १६१९ मध्ये पृथ्वीला आत्मा असल्याचे लिहिले. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातील लोक ज्या धरणीमातेला पाचामामा म्हणतात, तिचे नाव इक्वादोरच्या २००८ च्या राज्यघटनेत निसर्गाच्या हक्कांसोबत आले. जैन दर्शनाची वाट मला याहून सूक्ष्म वाटते. तेथे एक विराट माता नाही. मातीच्या ढेकळातच केवळ स्पर्श जाणणारे अगणित पृथ्वीकाय जीव आहेत. मातेकडे लेकरू हट्टाने काही मागू शकते. या जिवांकडे मागण्यासारखे काही नाही, त्यांच्यामधून जपून चालायचे एवढेच.

एक चूक मात्र माझ्याकडून झालेली आहे, ती तू करू नकोस. एका मोठ्या भूकंपानंतर मी भाषणात ‘पृथ्वी कोपली’ असे म्हणून गेलो. वाक्याला टाळ्याही मिळाल्या. सभा संपल्यावर एक गृहस्थ थांबले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “माझी सात वर्षांची मुलगी त्यात गेली. तिच्यावर कशासाठी कोपली असेल?” माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. भूकवचाच्या हालचालीला आपण क्रोधाचे नाव दिले, की त्या क्रोधाचा अपराधी शोधणे आलेच. आणि तो अपराध हटकून मातीच्या घरात झोपलेल्यांच्या माथी बसतो. पृथ्वीला जाणीव आहे असे मानायचे असेल तर खुशाल मान, पण तिच्या मनात काय आहे हे सांगणाऱ्यांपासून दूर राहा, मग तो सांगणारा मी का असेना.

गेल्या आठवड्यात एक रोप लावण्यासाठी खड्डा खणत होतो. वीतभर खोलीवर कुदळ शेजारच्या झाडाच्या मुळावर बसली. साल निघून आतला पांढरा ओला भाग उघडा पडला. भोवतीची माती बारीक तंतूंनी शिवल्यासारखी धरून होती. मी कुदळ बाजूला ठेवली आणि हातांनी माती सारू लागलो. मूळ दुखावले असेल की नाही याचा विचार मी त्या क्षणी केला नव्हता. हात आपोआप सावकाश झाले होते.

अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातील भूमिसूक्तात त्रेसष्ट मंत्र आहेत. त्यातले ‘माता भूमिः’ एवढेच शब्द सर्वतोमुखी झाले. मला त्यातला पस्तिसावा मंत्र अधिक जवळचा आहे: ‘यत्ते भूमे विखनामि क्षिप्रं तदपि रोहतु’. तुझे जे मी खणतो ते लवकर भरून येवो, तुझ्या मर्मावर, हृदयावर माझा घाव न पडो, असे तो ऋषी म्हणतो. खणणार नाही, असे तो म्हणत नाही. त्यालाही पोट आहे. तिला जाणीव असल्याचे तो सिद्ध करायलाही बसत नाही. कुदळ हातात असतानाच तो तिला ‘तू’ म्हणतो, इतकेच.

तेव्हा पुरावे पाठवत नाही. सूक्ताची एक प्रत सोबत आहे, पस्तिसाव्या मंत्रापाशी खूण घातली आहे. पुढच्या वेळी ध्यानाला बसण्याऐवजी एखादा खड्डा खण, आणि काय झाले ते सविस्तर लिही.

तुझा शुभचिंतक