बाग वर्षभर पाहताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पुण्यातील आमच्या सदनिकेच्या दक्षिणेकडील गॅलरीत बऱ्याच कुंड्या आहेत. दर रविवारी सकाळी आठ वाजता, एकाच जागेवरून, संपूर्ण गॅलरीचा एक फोटो काढायचा असा नेम मी धरला आहे. परंतु डिसेंबरमधील व जूनमधील फोटो शेजारी ठेवले, तर ते एकाच गॅलरीचे वाटत नाहीत. हा दोष फोनचा आहे की माझा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दोष दोघांचाही नाही. आपण घड्याळ धरून बसला आहात आणि सूर्य घड्याळाला बांधलेला नाही, एवढेच. पुण्यात जूनच्या सुरुवातीस सूर्योदय सकाळी सहाच्या सुमारास होतो, तर जानेवारीत सात वाजून गेल्यावर. म्हणजे सकाळचे आठ ही वेळ जूनमध्ये सूर्योदयानंतर दोन तासांनी येते आणि जानेवारीत जेमतेम तासाभराने. शिवाय सूर्य जूनमध्ये पूर्वेच्या उत्तरेला व डिसेंबरमध्ये दक्षिणेला सरकून उगवतो, त्यामुळे थंडीत आपल्या गॅलरीत सकाळचे तिरपे ऊन थेट शिरते आणि जूनमध्ये ते फिरकतही नाही. दुपारचीही तीच गत आहे. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 48 अंशांवर असतो, म्हणून त्याचे ऊन वरच्या मजल्याच्या छज्जाखालून आत येते. मेच्या मध्यास तो बरोबर डोक्यावर येतो (हाच शून्य सावलीचा दिवस), आणि तेथून जुलैच्या अखेरीपर्यंत तो भर दुपारी किंचित उत्तरेकडेच असतो. दक्षिणेच्या गॅलरीतील गुलाब व शेवंती थंडीत खूश असतात आणि मे-जूनमध्ये उन्हासाठी कठड्याबाहेर वाकतात, त्याचे कारण उष्म्याइतकेच या सरकत्या सूर्यातही आहे.

आता आपल्याला काय नोंदवायचे आहे, ते आधी ठरवावे. ऊन कसे सरकते हेच पाहायचे असेल, तर ठरलेली वेळ योग्यच आहे, ती मोडू नये. मात्र झाडांची वाढ ताडून पाहायची असेल, तर थेट ऊन कुंड्यांवर येण्यापूर्वीच्या सावलीतल्या उजेडात फोटो घ्यावा आणि वेळ सूर्योदयावरून मोजावी. माझे मत या दुसऱ्या पद्धतीच्या बाजूने आहे, कारण कडक उन्हात पानांचे निम्मे तपशील सावलीत बुडतात आणि उरलेले चकाकीत हरवतात.

उभे राहण्याची जागा फरशीच्या एखाद्या सांध्यावरून पक्की करावी, फोन कठड्याला किंवा स्टुलाला टेकवावा, झूम वापरू नये आणि पावसाच्या पाण्याचा पाइप किंवा भिंतीचा कोपरा यांसारखी न हलणारी एखादी वस्तू दरवेळी चौकटीत ठेवावी. फोन आपल्या मर्जीने रंग उबदार किंवा थंड करतो, त्यामुळे पाने खरोखर पिवळी पडली की फोनने ती पाडली, हे नंतर कळत नाही. यासाठी पांढऱ्या टाइलचा एक तुकडा कायम एकाच कुंडीत खोचून ठेवावा. आणखी एक सांगतो. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे पाठवून तेथूनच जपून ठेवण्याची सवय अनेकांना असते. त्यात फोटो लहान होतो आणि तो मुळात कधी काढला, ही माहिती निघून जाते. मूळ फोटो फोनमधून थेट संगणकावर उतरवावेत.

प्रश्न : मोगऱ्याची फुले फोटोत पांढऱ्या डागांसारखी येतात, पाकळ्या दिसतच नाहीत. उपाय सुचवावा.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सभोवती गडद पाने असल्यामुळे कॅमेरा संपूर्ण दृश्य उजळ करतो आणि फूल जळते. पडद्यावर फुलावरच बोट टेकवावे आणि बाजूला दिसणारे सूर्याचे चिन्ह खाली ओढून, पाकळ्यांच्या कडा उमटेपर्यंत चित्र अंधारे करावे. पाने काळपट दिसली तरी चालतील. अनंत, तगर व प्राजक्त यांनाही हाच उपाय लागू पडतो.

प्रश्न : कुंडीतील कढीपत्त्याची पाने कोणीतरी कुरतडते. फोटो मोठा करून पाहिला, तर पानावर केवळ पक्ष्याची विष्ठा दिसते. औषध फवारावे काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : फवारू नये. आपण जिला विष्ठा म्हणता, तीच बहुधा पाने खाणारी अळी आहे. कढीपत्ता व लिंबू एकाच कुळातील असल्यामुळे लिंबावर वाढणारी फुलपाखरे कढीपत्त्यावरही अंडी घालतात. लहानपणी त्यांच्या अळ्या तपकिरी-काळ्या असतात व अंगावर पांढरे पट्टे असतात, म्हणून त्यांना भक्ष्य समजून टिपण्याची इच्छा पक्ष्यांना होत नाही. शेवटची कात टाकल्यावर तीच अळी एकदम हिरवीगार होते. या टप्प्यावर तिला गवताच्या काडीने हलकेच स्पर्श केला, तर डोक्यामागून दुभंगलेले, शिंगासारखे एक मऊ अंग क्षणभर बाहेर येते आणि उग्र दर्प सुटतो.

वर्षभराच्या निरीक्षणातला हा सर्वांत वेगवान भाग आहे, म्हणून येथे आठवड्याचा नेम पुरत नाही. सकाळ-संध्याकाळ फोटो घ्यावा. कॅमेरा अळीच्या समोर न धरता तिच्या अंगाला समांतर धरला, तर ती पूर्ण लांबीभर स्पष्ट येते. पुढे ती रेशमाच्या धाग्याचा पट्टा कमरेभोवती घेऊन काडीला टेकते व कोष होते. कोषाचा रंग भोवतालानुसार हिरवा किंवा तपकिरी असू शकतो, त्यामुळे तो शोधताना दोन्ही रंग मनात ठेवावेत. कोषातून पंखांची नक्षी दिसू लागली, की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर तेथे हजर राहावे. पाने थोडी कमी मिळतील, फोडणीला उरलेली पुरतात. एखाद्या वर्षी महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेले नीलवंतही लिंबावर अंडी घालण्यासाठी येऊ शकते. ते मोठे असते व त्याच्या काळ्या पंखांवर निळी झाक असते.

प्रश्न : पावसाळ्यात व थंडीत पुष्कळ फोटो होतात. फेब्रुवारी ते मे या काळात मात्र परसात टिपण्यासारखे काहीच नसते. हे महिने वगळले तर चालेल काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : वगळू नयेत. पाश्चात्त्य छायाचित्रे पाहून पानगळ म्हणजे ऑक्टोबर अशी आपली समजूत होते. आपल्याकडे अनेक झाडांची पानगळ व पालवी याच महिन्यांत उरकते. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने टाकतो, त्याला तांबूस कोवळी पालवी फुटते आणि गुढीपाडव्याला लागणारा मोहरही याच सुमारास येतो. देवचाफ्याच्या बोडक्या फांद्यांच्या टोकांना पानांआधी फुलांचे गुच्छ येतात. फुलाचा एक सुंदर फोटो घेण्यापेक्षा त्याच फांदीचे बोडकी, डोळे फुगलेली, पालवलेली व बहरलेली असे चार फोटो मला अधिक मोलाचे वाटतात. फोटोसोबत वहीत पाने, फुले व फळे यांपुढे ‘नाहीत’, ‘थोडी’ किंवा ‘पुष्कळ’ एवढे लिहिले तरी पुरे. एखादे झाड दर आठवड्याला पाहून अशा नोंदी देशभरातून गोळा करणारा ‘सीझनवॉच’ हा उपक्रमही आहे. परसातील आंबा, फणस किंवा चिंच त्यात नोंदवता येईल.

प्रश्न : जास्वंदीवर येणारा पक्षी मार्चमध्ये जांभळा-काळा व चकचकीत होता. नोव्हेंबरच्या फोटोत मात्र पिवळट अंगाचा व छातीवर काळी उभी रेघ असलेला पक्षी आहे. ही मादी असावी काय?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : मादीच्या छातीवर अशी रेघ नसते. हा बहुधा जांभळ्या शिंजिराचा नरच आहे. विणीचा हंगाम संपल्यावर तो चकचकीत पिसे टाकतो व मादीसारखा फिका होतो. हनुवटीपासून पोटाकडे जाणारा काळसर पट्टा तेवढा उरतो. पुढे हंगाम जवळ येताच त्याच्या अंगावर जांभळे ठिपके उमटू लागतात आणि काही काळ तो अगदीच ठिगळे लावल्यासारखा दिसतो. त्या अवस्थेतील फोटो लोक नको म्हणून पुसून टाकतात. आपण ते तारखांसह ठेवावेत. तो आपल्या परसात कोणत्या आठवड्यात रंग धरतो, हे त्यांवरूनच कळेल.