प्लेटलेट आहेत, मग रक्त थांबत का नाही?

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस होतं. वर्षभरात चौथ्यांदा संडास काळी झाली आणि हिमोग्लोबिन ६ वर आलं. आतड्यातल्या रक्त गळणाऱ्या जागा दुर्बिणीतून दोनदा जाळल्या. प्लेटलेट १ लाख ८० हजार आहेत. तरी पुन्हा तेच का?

उत्तर : प्लेटलेटच्या आकड्यावर जाऊ नका. मोजायला त्या भरपूर आहेत, पण किडनी निकामी झाली की रक्तात साचणाऱ्या घटकांमुळे त्या एकमेकींना धड चिकटत नाहीत. त्यात अशा रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरात फुगलेल्या, नाजूक रक्तवाहिन्या जास्त सापडतात. एक जाळली तरी हातभर पुढे दुसरी असू शकते. म्हणून आधीचे उपचार फुकट गेले असं समजू नका. लहान आतडं कॅप्सूल एंडोस्कोपीने, म्हणजे गोळीसारख्या गिळायच्या कॅमेऱ्याने, पाहिलं नसेल, तर त्याबद्दल विचारा.

मी मात्र आधी हेपॅरिनचं विचारतो. यंत्राच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून ते देतात. संडास काळी झाल्याचं घरी सगळ्यांना ठाऊक आणि डायलिसिसच्या खाटेपाशी कुणालाच नाही, हे फार वेळा पाहिलंय, आणि दर वेळी जीव हळहळतो. यंत्र जोडण्याआधी सांगितलंत, तर हेपॅरिनशिवायही डायलिसिस करता येतं.

माझ्या एका रुग्णाची मुलगी कॅलेंडरवर काळ्या संडासच्या दिवशी ठिपका काढायची. पानं उलटताना दिसलं, ठिपक्यांच्या आधी दर वेळी गुडघेदुखीच्या गोळ्या होत्या. त्या गोळ्या बंदच हव्यात. ॲस्पिरिन मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

हिमोग्लोबिन १० च्या आसपास ठेवणं हाही रक्तस्रावावरचा इलाजच आहे, कारण लाल पेशी प्लेटलेटना रक्तवाहिनीच्या कडेला ढकलतात. त्यासाठी लाल पेशी वाढवणारं एरिथ्रोपोएटिन आणि शिरेतून लोह. रक्त गरजेला द्यावंच लागतं. पण किडनी प्रत्यारोपणाचा विचार असेल तर प्रत्येक पिशवीने शरीरात नव्या किडनीला विरोध करणारी प्रतिपिंडं तयार होण्याचा धोका वाढतो. प्लेटलेटना चिकटायला मदत करणारं डेस्मोप्रेसिनचं इंजेक्शन तासाभरात काम करतं, पण काही तासच, आणि लागोपाठ दिलं की गुण कमी होतो. वारंवार होणाऱ्या स्रावाला ऑक्ट्रिओटाइड या औषधाचा उपयोग होऊ शकतो. तुमच्या डॉक्टरांशी बोला.

लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळसर होते. रक्ताची असेल तर डांबरासारखी चिकट, चकचकीत आणि उग्र वासाची. तशी झाली आणि सोबत चक्कर, घाम किंवा धाप असेल, तर डायलिसिसच्या दिवसाची वाट पाहू नका, त्याच तासाला रुग्णालय गाठा.